गौरेश गप्प बसला तेव्हा

आधीच सांगून ठेवते, मधे कुणी थांबवायचं नाही. शेवटी पोट धरून हसलात तरी चालेल, पण गोष्ट अर्ध्यावर असताना ‘अहो टीचर, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न मला सगळ्या गावाने विचारून झालाय. उत्तर अजून सापडलेलं नाही. घ्या, चहा घ्या.

मी पेडण्यात, इब्रामपूरच्या वाटेवरच्या एका शाळेत सहावीला शिकवते. वर्ग लहान, खोली हवेशीर, मागे काजूची झाडं. कुणालाही हेवा वाटावा अशी नोकरी. फक्त त्या वर्गात गौरेश आहे.

गौरेश कसा म्हणून सांगू? प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, तेव्हा कोंबड्यासारखा आरवणारा हा. पहिलीच्या पोरांना ‘आज तुमची दहावीची परीक्षा’ असं सांगून रडवणारा हाच. एकदा विज्ञानाला बेडूक शिकवायचा होता, तर बेडूक माझ्या डब्यात निघाला! भाजीवर बसला होता हो, आरामात!

तर यंदा आम्हा शिक्षकांचं डिचोलीला प्रशिक्षण झालं. विषय असा की वर्गात मुलांनी दंगा केल्यावर ओरडत बसायचं नाही, दंगा होऊच नये अशी व्यवस्था आधीपासून करायची. शिकवायला नाईक सर होते. शांत माणूस. एवढा शांत की दुपारच्या जेवणानंतर आमच्यातले निम्मे शिक्षक डुलायला लागले. मी मात्र टक्क जागी. का? तर सर म्हणाले, “वर्गातल्या सगळ्यात खोडकर मुलाला चांगलं वागताना पकडा. पकडलंत की तिथल्या तिथे कौतुक करा. आणि ते कौतुक त्याच्या घरापर्यंत पोचवा. घरी शिक्षक फक्त तक्रार घेऊन जातात, हे बदला.”

मला एकदम पटलं. गौरेशला वाईट वागताना मी रोज पकडत होते, चांगलं वागताना पकडायचा प्रयत्नच केला नव्हता. तशी संधीही त्याने दिली नव्हती म्हणा.

सोमवारी मी नव्या हुरुपाने कामाला लागले. भिंतीवरचा ‘बडबड करू नये’ हा फलक काढला, तिथे ‘आपण एकमेकांचं ऐकूया’ असा रंगीत फलक लावला. दारात उभी राहून एकेका मुलाचं नावाने स्वागत केलं. मुलं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्यांना इंजेक्शन देणार आहे.

आणि पहिल्याच दिवशी चमत्कार! गौरेश गप्प!

गप्प म्हणजे साधा गप्प नाही. प्रार्थनेला आरवला नाही. शेजारच्याला कोपर मारलं नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत बसला. मी मनात म्हटलं, बघा, मूल विचार करायला लागलं! लगेच सगळ्या वर्गासमोर म्हटलं, “आज गौरेश किती छान शांत बसलाय! मला आज सगळ्यात जास्त गौरेश आवडला.”

त्या पोराचे कान लाल झाले. शपथेवर सांगते, माझ्या तोंडून असं वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प. प्रश्न विचारला की फक्त मान हलवायचा. मी म्हटलं, काय ही नम्रता! मधल्या सुट्टीत डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि उरलेला शेजारच्याला देऊन टाकला. ज्या मुलाने आजवर दुसऱ्याचे डबे रिकामे केले, तो स्वतःचा डबा देतोय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला मॉनिटर केलं. वर सगळ्यांना सांगितलं, “वाटून खाणं गौरेशकडून शिका.”

आता सांगा, एखादी शहाणी बाई इथे थांबली असती की नाही? जरा बघू, हा असा का वागतोय, असं तिच्या मनात आलं असतं की नाही? मी काय केलं? प्रशिक्षणाच्या ग्रुपवर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. ‘नमस्कार, माझा अनुभव सांगते,’ अशी सुरुवात. पुढे कोंबडा, बेडूक, सगळं आलं, आणि शेवटी, ‘पद्धत मनापासून वापरली तर दोन दिवसांत फरक पडतो!’

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. डिचोलीच्या, वाळपईच्या शिक्षकांनी फुलं पाठवली. आणि संध्याकाळी साक्षात नाईक सरांचा फोन!

“टीचर, पुढच्या शुक्रवारी मी पाच-सहा शिक्षकांना घेऊन तुमच्या वर्गात येतो. त्या मुलाला बघायचंय.”

मी हवेत. मुख्याध्यापकांनी लगेच रंगाचा डबा आणून शाळेचं फाटक रंगवायला घेतलं. म्हणजे आता माझी, शाळेची आणि फाटकाची, सगळ्यांची अब्रू एका गौरेशच्या गप्प बसण्यावर!

शेवटचा भाग राहिला होता, कौतुक घरी पोचवायचा. फोन केला तर कुणी उचलेना. त्या वाड्यावर शाळेचा नंबर दिसला की फोन नुसता वाजत राहतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्वतःच निघाले. चांगली साडी नेसले होते. हातात पेढ्यांचा पुडा.

अंगणात पाय ठेवला, तशी गौरेशची धाकटी बहीण किंकाळी मारून आत पळाली. लाजाळू असेल, म्हटलं.

त्याची आई, शीतल, न्हाणीकडून धावत आली. माझ्याकडे बघितलं, पुड्याकडे बघितलं आणि मटकन पायरीवर बसली.

“टीचर, काय फोडल्यान?”

“अहो, काही फोडलं नाही.”

“मगे कोणाक फोडल्यान?”

“कुणालाही नाही! मी कौतुक करायला आले.”

“कोणाचा?”

“गौरेशचं!”

शीतलने आत बघून हाक मारली, “मामंजीनूऽऽ, बेगीन भायर येवा! टीचर काय तरी वेगळाच बोलतत!”

तिचे सासरे बाहेर आले. म्हातारा ताठ, आवाज खणखणीत. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं ठाऊक आहे ना? देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. सगळे त्यांना आबा म्हणतात.

आबांनी मला कदेल दिली. मी खुर्चीवर बसले आणि नाईक सरांनी शिकवल्यासारखं हसून बोलायला लागले. “आबा, तुमचा नातू आठवडाभर वर्गात एकदम शांत बसतोय. कुणाशी भांडण नाही, आरडाओरडा नाही.”

मला वाटलं, घरात आनंदीआनंद होईल. पेढ्यांचा पुडा फुटेल. कसलं काय! आबांचा चेहरा पांढरा पडला.

“आठवडोभर?” ते म्हणाले. “गौरेश? आमचो?”

“हो तर!”

“शीतल, पोराक हाड भायर.”

गौरेश आला. गालावर हात. आबांनी त्याच्या कपाळाला हात लावला, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पाठ बघितली.

“काय जाता रे तुका?”

गौरेशने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. काही नाही.

“बघा!” मी म्हटलं. “किती नम्र!”

“नम्र?” आबा ओरडले. “टीचर, ह्या पोर जल्मल्यापासून निजेत सुद्धा गप्प नाय! शीतल, घरात कसो आसा तो?”

शीतल रडायच्या घाईला आली होती. “घरात पण बोलना नाय. पोदेर येता, पण हो उंडो तोंडाक लावना नाय. नुसती पेज पिता. माका वाटला, शाळेत अभ्यास चढलो असतलो.”

आता उंडा, म्हणजे पोदेर, आमचा पाववाला, आणतो तो कडक कवचाचा गोल पाव, गौरेशचा जीव की प्राण, हे मला माहीत होतं. शाळेत तो अख्खा उंडा तोंडात धरून पळायचा. त्याने उंडा सोडलाय, हे ऐकून कुणाच्याही डोक्यात उजेड पडला असता. मी म्हणाले, “आहारावरही संयम आलाय, बघा!”

खरं सांगते, मीच म्हणाले. तोंड माझंच होतं.

एव्हाना कुंपणापाशी शेजारपाजार जमलं होतं. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, तिन्हीसांजेला ओहोळाकडे गेला असेल. एक बाई मला बघून हळूच म्हणाली, “टीचर सुद्धा हसतत आज. दोगांकय एकदमच झाला काय गो?”

आबांनी निर्णय दिला. “फाल्या आयतवार. सकाळी देवळात गाऱ्हाणा घालतलो.”

शुक्रवारी सर येणार, आणि हे लोक माझ्या पद्धतीचं यश झाडून टाकणार! मी भांडले हो. म्हटलं, मूल सुधारलं तर तुम्हाला बघवत नाही का? याला शास्त्र म्हणतात! आबा शांतपणे म्हणाले, “शास्त्र तुमचा शाळेत ऱ्हाव दे, टीचर. पोरगो आमचो.”

रात्रभर मला झोप नाही. रविवारी सकाळी मी देवळात हजर. गाऱ्हाणं थांबवायचंच, असं ठरवून गेले होते.

बघते तर अख्खा वाडा गोळा! अंघोळ करून आलेले पुरुष, पदर डोक्यावर घेतलेल्या बायका. मधोमध गौरेश, कपाळाला ओला कुंकवाचा टिळा, गालावर तोच हात. मी तोंड उघडायच्या आत आबांनी नारळ हातात घेतला आणि सुरू झाले.

“देवा म्हाराजाऽऽ! आज तुज्या दारात ह्या लेकरू उभा आसा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ घुमलं.

“आठवडो झालो, ह्या पोर बोलना नाय, भांडना नाय, कोणाची खोडी काढना नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“जा काय तेच्या आड इला आसात, ता दूर कर! आणि पोर आमचा पयल्यासारख्या कर! पयल्यासारखो दंगो करू दे! पयल्यासारख्या बोंबलू दे रे म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

मी थिजून उभी! अहो, मी सरकारी प्रशिक्षण घेऊन ज्याला शांत केलं, तो पुन्हा बोंबलू दे म्हणून अख्खा गाव देवाला साकडं घालतोय! आणि कहर म्हणजे त्या घुमणाऱ्या आवाजात माझ्याही तोंडून, सवयीने, ‘व्हय म्हाराजा’ निघून गेलं! लहानपणापासूनची सवय, काय करणार? सगळे म्हणाले की तोंड आपोआप उघडतं.

नारळ फुटला. आबांनी खोबऱ्याचा मोठा तुकडा गौरेशच्या हातात दिला. “खा.”

गौरेश हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा तुकड्याकडे.

“अरे, प्रसाद तो. खा पटकन,” मी म्हटलं. शहाणपण बघा!

त्याने डोळे मिटले आणि चावला.

“आऽऽऽऽ!”

काय ती किंकाळी! आठवडाभर साठवलेला सगळा आवाज एका दमात बाहेर आला. देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. पोरगा उड्या मारतोय, गडाबडा लोळतोय, ‘आये गो, आये गो’ म्हणून आईच्या नावाने बोंबलतोय. आणि लोक? लोक आनंदाने हात जोडतायत! एवढ्या झटपट देव पावलेला त्यांनीसुद्धा बघितला नव्हता.

शीतलने धावत जाऊन त्याचं तोंड उघडलं. मीही वाकून बघितलं. मागची दाढ काळीठिक्कर, हिरडी टमाट्यासारखी सुजलेली. गालाची सूज बाहेरून दिसत नव्हती इतकंच, कारण तिथे सतत हात असायचा. माझ्या विचारवंताचा हात!

म्हणजे तो विचार करत नव्हता. नम्र नव्हता. डबा वाटत नव्हता, त्याला चावताच येत नव्हतं! तोंड उघडलं की वारा लागायचा, म्हणून मान हलवायचा. आणि मी ते सगळं ग्रुपवर टाकलं होतं!

“अरे बाबा,” मी त्याच्याजवळ बसले, “एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? मला तरी सांगायचंस!”

गौरेश हुंदके देत म्हणाला, “तुमीच म्हणालास, गप्प बसलेलो गौरेश तुमका सगळ्यांत आवडता म्हणान.”

माझ्या एका शाबासकीसाठी त्या एवढ्याशा पोराने आठवडाभर कळ सोसली, आणि मी रोज त्याच्या दुखण्यावर नवीन शाबासकी चढवत होते. मला माझीच एवढी लाज वाटली की देवाकडे बघवेना. आबा मात्र भला माणूस. एवढंच म्हणाले, “टीचर, तुमी घरी इलास म्हणान कळला तरी. नाय तर आमी अभ्यास चढलो म्हणानच बसलेलो.”

सोमवारी मी आणि शीतल त्याला पेडण्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. दाढ काढली. गुरुवारी गौरेश शाळेत आला आणि प्रार्थनेला खणखणीत आरवला. मला इतकं बरं वाटलं की मी ओरडायचंच विसरले.

पण शुक्रवार उजाडलाच! नाईक सर आले, बरोबर सहा शिक्षक. सकाळीच रंगाचा दुसरा हात दिलेल्या फाटकाला टेकून एकाची पँट हिरवी झाली, ते सोडा. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. पण ती मंडळी मागच्या बाकांवर बसली, वह्या उघडल्या, कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. वर्ग मात्र आदर्श. सगळी मुलं हाताची घडी घालून, पापणी न लवता बसलेली. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

सर खूश झाले. “वा! आणि तो गौरेश कुठला?”

गौरेश उभा राहिला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काय रे, पूर्वी तू खूप दंगा करायचास म्हणे. मग एकदम शांत कसा काय झालास?”

“दाढ किडलेली, सर.”

मागच्या बाकांवर पेनं थांबली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. सर गोंधळले, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग सगळं सांगून टाकलं, उंडा, गाऱ्हाणं, खोबरं, काही ठेवलं नाही. शिक्षक हसून हसून लाल झाले. पण नाईक सर खरंच मोठ्या मनाचे. ते म्हणाले, “असू दे टीचर. एका मुलाचं जाऊ द्या. बाकीचा वर्ग बघा ना! इतका शांत वर्ग मी कुठे बघितला नाही. पद्धत तर यशस्वीच आहे!”

माझ्या जिवात जीव आला. सर पुन्हा गौरेशकडे वळले. “तुझी दाढ किडली होती. पण ही बाकीची मुलं कशी एवढी गप्प बसतात रे?”

गौरेशने वर्गाकडे एकदा नीट बघून घेतलं.

“तीं, सर? तीं टीचरीक भियतत.”

आता बोला! वर्गात कुणी हसलं नाही, त्यावरूनच सगळ्यांना काय ते कळलं. सहा शिक्षक माझ्याकडे बघतायत. नाईक सर माझ्याकडे बघतायत. आणि मूल खरं बोललं की तिथल्या तिथे कौतुक करायचं, हे तर मी त्यांच्याचकडून शिकलेले!

केलं. हसत हसत गेले, “शाबास गौरेश, खरं बोललास,” म्हटलं आणि सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

जरा जोरातच थोपटली गेली.